तयार रीडिंग

“सर, आमच्या वेळी सगळ्यात आवडता विषय म्हणजे तुमचा,” असं तो म्हणाला आणि मी खूश झालो. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण नंतर माझं जे काही झालं ते या खुशीच्या मागोमाग झालं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. लिफ्टच्या दाराला ‘तपासणी चालू, लिफ्ट बंद’ अशी पाटी लटकत होती, म्हणून मी चार मजले जिना उतरून आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉपची बॅग. अकरा वाजता कॉलेजात समाधान समितीपुढे, म्हणजे मुलं कुठल्या विषयावर किती खूश आहेत ते बघणाऱ्या समितीपुढे, माझं सादरीकरण होतं. पाटीखाली पहारेकऱ्याच्या स्टुलावर एक माणूस मांडीवर रजिस्टर घेऊन बसला होता. मला बघून तो ताडकन उठला. “सर! ओळखलंत का?” मी ओळखलं नव्हतं, पण ओळखल्यासारखा हसलो. हे हसू शिक्षकाला नेमणुकीच्या पत्राबरोबरच मिळतं. “मोजपट्टी, सर,” तो म्हणाला, आणि मग मात्र खरंच आठवलं. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी, बाकाची जाडी मोज, खडूची लांबी मोज, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. आता पोट सुटलं होतं, खिशात पट्टीच्या जागी दोन पेनं होती, आणि छातीवर लिफ्ट-तपासनीस असं लिहिलेलं ओळखपत्र. “आवडता का, ते विचारा ना,” तो पहारेकऱ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला. “का रे?” मी विचारलं. “काही करावंच लागायचं नाही, सर!” पहारेकरी हसला, तो हसला, आणि दोघं हसतायत म्हटल्यावर मीही हसलो.

तो परत स्टुलावर बसला आणि लिहायला लागला. जाताजाता माझी नजर रजिस्टरवर पडली. तशी सवयच आहे, कुणी काही लिहीत असलं की वाकून बघायची. चार दोरांचे व्यास, तेरा, तेरा, तेरा, तेरा. दोरातल्या तुटलेल्या तारा, शून्य, शून्य, शून्य, शून्य. ब्रेक, ठीक. त्याचं पेन कुठंही न अडखळता खाली उतरत होतं. त्याची हत्यारांची पिशवी भिंतीला टेकून उभी होती आणि तिची चेन बंद होती. “वर जाऊन आलास का?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं. “झालंच की सर, पाच मिनिटं. लगेच सुरू करून देतो.” आता, लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत आहे. दोर बघायचे तर तिथंच जावं लागतं. आणि गच्चीची किल्ली आमच्या घरात असते, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो म्हणून, दारामागच्या खिळ्यावर. पाचच मिनिटांपूर्वी त्याच खिळ्यावरून मी माझं कॉलेजचं ओळखपत्र काढलं होतं, तेव्हा ती किल्ली हलून दारावर आपटली होती. तो आवाज माझ्या कानात होता. मी म्हणालो, “बरं, भेटू मग. घरी ये कधीतरी.” आणि चालायला लागलो.

कॉलेज घरापासून चालत वीस मिनिटं. एरवी मी हा रस्ता डोकं रिकामं ठेवून चालतो. आज फाटकाबाहेर पडलो आणि मनात वाद सुरू झाला. किल्ली मागायला तो येऊन गेला असेल, बायकोनं दिली असेल आणि त्यानं परत केली असेल, मी अंघोळीला असताना. पण मग बायको बोलली असती. दूधवाला दोन मिनिटं उशिरा आला तरी ती बोलते. नाहीतर मागच्या आठवड्यात बघून गेला असेल आणि आज नुसतं लिहीत असेल. हे बरं होतं. हे मला जवळपास पटलंसुद्धा. मग जाणवलं की मी जे करतोय ते काही नवीन नाही. एक आकडा जुळत नाही म्हटल्यावर तो जुळेल असं काहीतरी शोधून काढायचं, हे मी गेली अकरा वर्षं पगार घेऊन करतोय. समोरून येणाऱ्या एक बाई माझ्याकडे बघत गेल्या. मी बहुतेक स्वतःशी मान हलवत होतो. तेवढ्यात फोन वाजला. बायको. “कधी सुरू होईल हो लिफ्ट? मला एक वाजता गुडघेवाल्या डॉक्टरांकडे जायचंय.” “होईल अर्ध्या तासात.” “नीट बघतोय ना तो माणूस? गेल्या महिन्यात मी आत असताना मधेच हिसका देऊन थांबली होती, आठवतंय ना?” आठवत होतं. दोन मजल्यांच्या मधे ती वीस मिनिटं अडकली होती, आणि बाहेर आल्यावर हसत होती, पण तिचे हात बर्फासारखे गार होते. त्या क्षणी मला सांगता आलं असतं. मी काय बोललो ते मी विसरू शकत नाही. मी म्हणालो, “काळजी करू नकोस, तपासणारा माझाच विद्यार्थी आहे.” आणि म्हणताना छाती जराशी फुगली होती. “अगबाई!” ती म्हणाली, “तुमच्या हाताखालचा! मग बघायलाच नको.” तिनं फोन ठेवला आणि मी फुटपाथवर उभा राहिलो, बॅग या हातातून त्या हातात घेत.

माझ्या विषयाची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. तिच्या मधोमध ताण देऊन सळई तोडायचं मशीन उभं आहे, माझ्याहून दीड हात उंच. वरच्या आणि खालच्या जबड्यात पोलादाची सळई पकडायची, पंप चालू करायचा, ताण वाढवत न्यायचा, आणि सळई कितीवर तुटते ते तबकडीवर वाचून लिहायचं. एवढाच प्रयोग. पण अकरा वर्षांपूर्वी पंपातून तेल गळायला लागलं. ताण चढायला अर्धा अर्धा तास लागायचा, बेचाळीस मुलं रांगेत, तीन तासांत जेमतेम चार सळया व्हायच्या. आकडे इकडेतिकडे यायचे आणि मग मी जर्नलं परत पाठवायचो. मुलं वैतागायची आणि त्यांचं काही चूक नव्हतं. त्या साली वर्षाच्या शेवटी मुलांकडून फॉर्म भरून घ्यायची पद्धत नव्यानं सुरू झाली होती: विषयाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच. मला पडले दोन पूर्णांक सात. सगळ्या विभागात सगळ्यात कमी. विभागप्रमुखांनी मला बोलावून तो तक्ता दाखवला. त्या काही रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “सर, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी वाईट शिक्षक नव्हतो. निदान तोवर मला तसं वाटत होतं.

पंप दुरुस्त करा म्हणून मी अर्ज दिला. अर्जाला पोच मिळाली. आणि मी घरी बसून एक कागद तयार केला. सोळा ओळींचा तक्ता: एवढा ताण, एवढी लांबी, एवढा ताण, एवढी लांबी, शेवटी सळई तुटते एकोणपन्नास पूर्णांक दोनवर. पुस्तकात बसतील असे सुरेख आकडे. वर लिहिलं होतं, ‘नमुन्यादाखल’. म्हणजे पंप बिघडला तर अंदाज यावा म्हणून. माझा हेतू शुद्ध होता, हे मी तेव्हाही स्वतःला दोनदा सांगितलं होतं. पुढच्या वर्षी तक्त्यात एक रकाना वाढला आणि जागा पुरेना म्हणून ‘नमुन्यादाखल’ गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी पंपावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं. तीन तासांचं काम चाळीस मिनिटांत व्हायला लागलं. मी फळ्यावर आकृती काढायचो, मुलं कागद उतरवून घ्यायची, सगळ्यांचा आलेख सारखा, सगळ्यांना पैकीच्या पैकी, आणि मग सगळे कँटीनमध्ये. जाताना मला ‘थँक्यू सर’ म्हणायचे. मला ते आवडायला लागलं. माझा आकडा तीन पूर्णांक नऊ झाला, मग चार, मग चार पूर्णांक तीन. यंदा चार पूर्णांक सहा. सगळ्या कॉलेजात पहिला.

मोजपट्टी त्या कागदाच्या पहिल्याच वर्षातला. बाकी एक्केचाळीस जण खाली मान घालून उतरवून घेत होते आणि हा उठून माझ्यापाशी आला. “सर, एक सळई ताणून बघू? पंप हळूहळू चालतोय अजून.” मी म्हणालो बघ. तो पाऊण तास मशीनपाशी उभा राहिला, तबकडीला नाक लावून, आणि सळई एकतिसावर तुटली. एकोणपन्नासला तुटायची ती एकतिसाला. मोठा आवाज झाला, सगळ्यांनी माना वर केल्या. त्यानं जर्नलात एकतीस लिहिलं. मी सळईचा तुकडा उचलला आणि तुटलेलं तोंड खिडकीपाशी नेऊन बघितलं. ते मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही. तोंड चकचकीत करडं होतं, पण एका बाजूला काळसर डाग होता, तुरीच्या डाळीएवढा. म्हणजे सळईला आतून आधीच चीर होती. बाहेरून सळई नवीकोरी दिसत होती, मशीनची काही चूक नव्हती, आणि मुलाचं एकतीस बरोबर होतं. त्या क्षणी बेचाळीसच्या बेचाळीस मुलांना गोळा करून तो डाग दाखवला असता तर वर्षभर मी जे घसा कोरडा करून सांगत होतो ते त्यांना एका मिनिटात कळलं असतं. पण पावणेपाच वाजले होते. पाचला फॉर्म वाटायचे होते. आणि हे एकतीस ठेवलं तर बाकीच्यांचं एकोणपन्नास कुठून आलं, असं कुणीतरी विचारणार. मी म्हणालो, “मशीन जुनं आहे, रीडिंग चुकलं असेल. कागदावरचं लिही.” “पण सर, तुटली तर ती एकतिसालाच.” मी लाल पेन काढलं आणि त्याच्या एकतिसावर आडवी रेघ मारली. “पान परत लिहून आण.” तो रेघेकडे बघत उभा राहिला. नंतर खिशातली पट्टी काढून त्यानं विनाकारण पानाची रुंदी मोजली आणि पट्टी परत खिशात ठेवली. दोन दिवसांनी पान आलं: एकोणपन्नास पूर्णांक दोन, झकास अक्षरात. फॉर्मवर नाव नसतं, पण अक्षर असतंच. प्रत्येक रकान्यात पाच, आणि खाली एक ओळ: ‘सर समजून घेतात.’ तेव्हा मी ती ओळ वाचून सुटकेचा श्वास सोडला होता. सळईचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. फॉर्मचे गठ्ठे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर ठेवतो.

समितीच्या खोलीत गारवा होता आणि खुर्च्यांना नवी कव्हरं घातली होती. सात विभागांचे सात जण, आमच्या विभागप्रमुख, आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई, ज्या सगळं वहीत लिहून घेत होत्या. पडद्यावर माझा आलेख चढत गेला, दोन पूर्णांक सातपासून. आलेख चढताना सगळ्यांचे चेहरे पण चढत जातात, हे मी आधीही बघितलं आहे. ‘प्रयोगशाळेतील ताण कमी करणे’, माझ्या तिसऱ्या पानाचं शीर्षक. चौथ्या पानावर तो कागद. मी बोलत होतो आणि माझंच बोलणं मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. डोळ्यांपुढे मात्र पिशवीची बंद चेन. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, “फारच सोपी कल्पना आहे, सर. हा प्रकार सातही विभागांत लागू करता येईल. विजेचा, बांधकामाचा, सगळ्यांच्या प्रयोगशाळांचे असे तयार कागद.” माना हलल्या. मी म्हणालो, “एक अडचण आहे. आमचं मशीन बंद आहे.” आता बोल, मी स्वतःला म्हटलं. “नऊ वर्षं बंद आहे. मुलं प्रयोग करत नाहीत. कागदावरचे आकडे मी घरी बसून लिहिलेत.” विभागप्रमुख टेबलावर हात आपटून हसल्या. “हेच तर सरांचं! मशीन बंद असून चार पूर्णांक सहा! चालू असतं तर काय केलं असतं!” सगळे हसले, कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. तज्ज्ञ बाईंनी वहीत काहीतरी लिहून खाली रेघ ओढली. मी तोंड उघडलं होतं. अजून एक वाक्य होतं, त्या सळईचं, ते घशापर्यंत आलंही होतं. कुणी मला थांबवलं नव्हतं. पण टाळ्या वाजत होत्या, आणि मी हात जोडले, आणि बसलो. लाज वाटली असं नुसतं म्हणून भागणार नाही. भर चौकात कपडे गळून पडावेत आणि लोकांनी वा वा म्हणावं, तसं काहीतरी झालं.

चहाच्या वेळी फोन वाजला. “लिफ्ट सुरू झाली हो,” बायको म्हणाली, “शिक्का आणायला तो ऑफिसात गेला होता, आत्ता परत येऊन पाटी काढली म्हणे. मी आवरून पंधरा-वीस मिनिटांत निघते.” “निघू नकोस,” मी म्हणालो. “का?” कप हातात घेऊन विभागप्रमुख माझ्याकडेच येत होत्या. “मी येतो. मी येईपर्यंत लिफ्टमध्ये पाय ठेवू नकोस.” “अहो, पण तुमचा कार्यक्रम?” “झाला.” कप तसाच ठेवून मी बाहेर पडलो, आणि पहिल्यांदाच कळलं की वीस मिनिटांचा रस्ता धावत सुटलं तर मला अकरा मिनिटांत संपवता येतो. चोपन्नाव्या वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून धावणारा माणूस लोकांना चोर वाटतो. वाटू दे म्हटलं.

पाटी पहारेकऱ्याच्या टेबलामागे पडली होती. मी ती उचलून दाराला परत लटकवली आणि भिंतीतलं लिफ्टचं मुख्य बटण बंद केलं. “अहो सर, काय करताय? आत्ताच तर पास झालीय!” पहारेकरी रजिस्टर घेऊन धावला. “हे बघा, सही, शिक्का.” शाई अजून ताजी दिसत होती. मोजपट्टीचं अक्षर बदललेलं नव्हतं. “मी सांगेपर्यंत चालू करायची नाही,” मी म्हणालो. “पण तुमचाच विद्यार्थी ना तो?” मी जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर थांबून मी त्याला फोन लावला. सकाळी त्यानंच हौसेनं नंबर दिला होता. “सर! बोला ना!” मला दम लागला होता. “उद्या परत ये. आपण दोघं वर जाऊ. गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे.” मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “सर, मला वाटलं तुम्हाला चालेल.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. “ते एकतीस बरोबर होतं,” मी म्हणालो. “कसलं एकतीस, सर?” त्याला आठवतसुद्धा नव्हतं. “उद्या सांगतो,” म्हणून मी फोन ठेवला आणि कठड्याला धरून उभा राहिलो.

वर बायको पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. “एवढे घामाघूम? आणि लिफ्ट का बंद केलीत? पहारेकऱ्यानं आत्ताच फोन करून सांगितलं.” “जिन्यानं जाऊ. मी धरतो.” “चार मजले? माझे गुडघे माहीत आहेत ना तुम्हाला?” तरी तिनं हात दिला. आम्ही उतरायला लागलो, एक पायरी, थांबणं, एक पायरी. तिचा तळवा माझ्या मनगटावर घट्ट होता आणि प्रत्येक पायरीला तिच्या तोंडून बारीक ‘स्स’ निघत होतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती खालच्या पायरीवर बसली. “आता सांगा. काय झालंय लिफ्टला?” “लिफ्टला काय झालंय ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्यानं बघितलीच नाही.” “पण तो तर तुमचा…” “म्हणूनच,” मी म्हणालो, आणि तिच्या शेजारी बसलो. मग सांगितलं. कागद, पंप, सळई, डाग, लाल रेघ. तिच्याकडे बघून सांगणं जमेना, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. अकरा वर्षं ही बाई शेजारणींना सांगत आली आहे की यांच्या मुलांना हे फार आवडतात. माझं बोलणं संपल्यावर तिनं गुडघ्यावरून दोनदा हात फिरवला, आणि मला वाटलं आता रागावेल. रागावली तर बरं होईल. ती रागावली नाही. तिनं साधं विचारावं तसं विचारलं, “अकरा वर्षांत किती मुलं झाली असतील हो तुमच्या हाताखालून?” “साडेचारशेच्या वर.” “आणि ती सगळी आता काय काय करतात?”

मला बऱ्याच जणांचं माहीत होतं. लोक लग्नाला बोलावतात, नोकरी लागली की फोन करतात, आवडता शिक्षक ना मी. मी मोजायला एक बोट दुमडलं. “एक पुलांच्या कामावर आहे,” मी म्हणालो. “एक बॉयलर तपासतो. दोघी जणी रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाक्यांचं बघतात.” बायकोनं माझं मनगट सोडलं नाही. “आणि?” ती म्हणाली. मी पुढचं बोट दुमडलं.